चालत आलेलं जंगल

बर्नमचं जंगल डन्सिनेनच्या टेकडीवर चालून येत नाही तोवर मॅकबेथला कोणी हरवू शकत नाही. शेक्सपिअरच्या नाटकातलं हे भाकीत मराठी प्रेक्षकाला परकं नाही. शिवराम महादेव परांजप्यांनी या नाटकाचा ‘मानाजीराव’ केला, वि. वा. शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’. जंगल कधी चालतं का, या भरवशावर मॅकबेथ निर्धास्त राहतो. शत्रूचे सैनिक मात्र त्याच जंगलातल्या फांद्या तोडतात आणि त्या अंगापुढे धरून टेकडी चढतात.

बर्नम हे नाव नाटककाराने मनाने रचलेलं नाही. स्कॉटलंडच्या पर्थशर भागात, टे नदीच्या दक्षिण काठावर बर्नम आहे आणि समोरच्या काठावर डंकेल्ड. पर्थ शहरापासून उत्तरेला जेमतेम २५ किलोमीटर. डन्सिनेनची टेकडीही खरीच, बर्नमपासून आग्नेयेला सुमारे २० किलोमीटरवर. या जोडगावांभोवती चारही बाजूंनी झाडीच झाडी आहे. डोंगर हिरवेकंच, नदीचे काठ सावलीत बुडालेले, ओढ्यांच्या घळीत आभाळाला भिडलेली झाडं. पहिल्यांदा आलेल्या माणसाला वाटतं, हेच ते पुराणपुरुषासारखं अरण्य. पण इथली बहुतेक झाडं अडीच-पावणेतीनशे वर्षांपलीकडची नाहीत आणि त्यांतली कितीतरी या मातीतलीही नाहीत. कोणी आल्प्समधून आलं, कोणी उत्तर अमेरिकेतून, कोणी जपानमधून. नाटकात जंगल इथून बाहेर चालत गेलं. इतिहासात ते बाहेरून इथे चालत आलं.

नाटकातल्या मॅकबेथचीही अशीच उलटापालट झाली आहे. खरा मॅकबेथ १०४० ते १०५७ असा सतरा वर्षं राजा होता. एवढा काळ गादीवर टिकणं त्या शतकात सोपं नव्हतं. मधल्या काळात तो रोमची यात्राही करून आला. नाटकातल्यासारखं राजा डंकनला त्याने झोपेत मारलं नाही. डंकन उत्तरेकडे लढाईत पडला. तो म्हातारा, साधुवृत्तीचा राजाही नव्हता, चांगला तरणाबांड होता. १०५४ मध्ये नॉर्थंब्रियाच्या सीवर्डने मॅकबेथला हरवलं खरं, पण त्यानंतरही तो तीन वर्षं जगला आणि मारला गेला तो इथून बराच उत्तरेला, लुम्फानन इथे. डंकेल्डचा या घराण्याशी संबंध मात्र नाटकात येतो त्याहून जवळचा आहे. डंकनचा बाप क्रिनन हा डंकेल्डच्या मठाचा मठाधिपती होता. मठाधिपतीला मुलगा कसा, असा प्रश्न तेव्हा कोणाला पडत नसे. हा क्रिननही १०४५ मध्ये लढाईतच मेला.

बर्नम गावातून नदीकडे उतरणाऱ्या पायवाटेने गेलं की ‘बर्नम ओक’ भेटतो. जुन्या जंगलातला उरलेला वृक्ष म्हणून त्याची ख्याती आहे. खोड गाठीगाठींचं, बुंध्याकडून पोकळ, आत माणूस सहज उभा राहील एवढं. खालच्या फांद्या इतक्या लांब आणि जड झाल्या आहेत की त्यांना लाकडी टेकू दिले आहेत. फांदीवर शेवाळ, शेवाळात नेचे, नेच्यांच्या मुळाशी कुजलेल्या पानांची काळी माती; एका फांदीवर एक छोटी बाग वसलेली असते. मॅकबेथच्या वेळी हा ओक उगवलेलाही नसणार. शेक्सपिअरच्या काळात तो असावा, असा जाणकारांचा अंदाज आहे. शेजारी एक थोराड सिकॅमोर उभा आहे. अनेक पर्यटक त्यालाच बर्नम ओक समजून फोटो काढतात. तो दिसतोच तसा रुबाबदार.

या जंगलाची खरी कहाणी सुरू होते ती नदीपलीकडे, डंकेल्डच्या कॅथीड्रलच्या आवारात. तिथे एक लार्च वृक्ष आहे, त्याला सगळे ‘पेरंट लार्च’ म्हणतात. १७३८ च्या सुमारास कल्डेर्सचा जमीनदार मेन्झीस आल्प्समधली लार्चची काही रोपं घेऊन उत्तरेकडे निघाला होता. त्यातली काही त्याने ॲथॉलच्या ड्यूकला दिली, आणि ड्यूकने ती डंकेल्डला आणि उत्तरेला ब्लेअरला लावली. डंकेल्डच्या त्या रोपांपैकी हा एकच वृक्ष आज उरला आहे. पुढे डोंगरावर लावलेल्या असंख्य झाडांचं बी याच्या आणि याच्या भावंडांच्या शंकूंतून आलं, म्हणून त्याला हे नाव.

लार्च हा शंकूधारी वृक्षांतला जरा वेगळा गडी. पाइन-फरसारखी त्याची पानं सुईसारखी असतात, पण हिवाळ्यापूर्वी ती गळून जातात. ऑक्टोबरच्या अखेरीला सुया पिवळ्याधमक होतात आणि डंकेल्डभोवतीचे डोंगर आठ-पंधरा दिवस सोनेरी दिसतात. ड्यूकला मात्र रंगाशी फारसं कर्तव्य नव्हतं. त्याला लाकूड हवं होतं. लार्च पातळ, खडकाळ मातीत वाढतो, ओकपेक्षा कितीतरी लवकर तयार होतो आणि त्याचं लाकूड ओलीत सहजी कुजत नाही. शिवाय गळालेल्या सुयांनी खालची जमीन सुधारते आणि गवत चांगलं येतं, म्हणजे मेंढ्यांचीही सोय होते, हा ड्यूकचा दावा होता.

ॲथॉलच्या ड्यूकांची ही लागवड पिढ्यान्‌पिढ्या चालली. त्यातला चौथा ड्यूक, जॉन मरी (१७५५-१८३०), तर झपाटलेलाच होता. त्याच्या हयातीत सुमारे १ कोटी ४० लाख लार्च लावले गेले. उघडेबोडके डोंगर त्याने अक्षरशः झाकून टाकले. एक कडा तेवढा त्याला जुमानेना. क्रेग-अ-बार्न्स नावाच्या त्या खडकाळ कड्यावर माणूस चढणं अवघड, रोप लावणं तर दूरच. तोडगा काढला अलेक्झांडर नेस्मिथ या चित्रकाराने. बिया पत्र्याच्या डब्यांत भरा आणि डबे तोफेतून कड्यावर डागा! डबे खडकावर आपटून फुटले, बिया कपारींत विखुरल्या आणि काही वर्षांनी कडा हिरवा झाला. हा किस्सा नेस्मिथच्या मुलाने, म्हणजे वाफेवर चालणाऱ्या हातोड्याचा जनक असलेल्या जेम्स नेस्मिथने, आपल्या आत्मचरित्रात सांगितला आहे. बापाबद्दल मुलाने लिहिलेलं, तेव्हा थोडं मीठमसाल्याचं असेलही. पण कड्यावर झाडी आहे हे कोणालाही दिसतं.

एवढ्या लार्चचं करायचं काय? ड्यूकचं उत्तर होतं, आरमार. नेपोलियनशी झालेल्या युद्धांत ब्रिटनला जहाजांसाठी ओक कमी पडत होता, आणि लार्च त्याची जागा घेईल याची ड्यूकला खात्री होती. आरमाराने प्रयोग केला. वूलिच इथे १८२० मध्ये २८ तोफांचं ‘ॲथॉल’ हे जहाज लार्चचं बांधलं, आणि तुलनेसाठी त्याच धर्तीचं ‘नीमन’ हे बाल्टिक प्रदेशातल्या लाकडाचं. ‘नीमन’ आठ वर्षांत मोडीत निघालं. ‘ॲथॉल’ पुढे वेगवेगळ्या कामांवर १८६३ पर्यंत टिकलं. ड्यूकचं म्हणणं खरं ठरलं, पण तोवर काळ बदलला होता. त्याने लावलेली झाडं तोडीला येईपर्यंत जहाजं लोखंडाची होऊ लागली. लार्चच्या नशिबी आले रेल्वेचे स्लीपर, खाणीतले टेकू आणि कुंपणाचे खांब.

झाडांचं हे स्कॉटिश वेड समुद्रापार आपल्याकडेही पोचलं. मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक म्हणून १८४७ मध्ये नेमला गेलेला डॉ. अलेक्झांडर गिब्सन मूळचा स्कॉटलंडच्याच पूर्व भागातला. त्याआधी तो पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचा प्रमुख होता. तिथे एका भारतीय चित्रकाराकडून त्याने करून घेतलेली वनस्पतींची चित्रं आज एडिंबरच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. चित्रकाराचं नाव मात्र कोणी टिपून ठेवलं नाही.

डंकेल्डच्या पश्चिमेला ब्रान नावाची छोटी, खवळलेली नदी टे नदीला मिळते. तिच्या काठच्या रानाला ‘हर्मिटेज’ म्हणतात. इथे उभे आहेत डग्लस फर. काहींची उंची ६० मीटरच्या पुढे गेली आहे, म्हणजे वीस मजली इमारतीएवढी. ब्रिटनमधल्या सर्वांत उंच झाडांत त्यांची गणना होते. बुंध्याची साल जाडजूड, भेगाळलेली आणि हाताला बुचासारखी हलकी लागते. मान वर करून शेंडा शोधू लागलं की टोपी पडते. हे झाड उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं. ज्याच्यामुळे ते ब्रिटनमध्ये आलं तो डेव्हिड डग्लस मात्र इथलाच. पर्थजवळच्या स्कोन गावात १७९९ मध्ये जन्मलेला, तिथल्याच राजवाड्याच्या बागेत उमेदवारी केलेला माळी. कोलंबिया नदीच्या खोऱ्यात हजारो किलोमीटर पायपीट करून त्याने बिया पाठवल्या. त्या बियांपासून वाढलेला एक फर स्कोनला अजून आहे. डग्लसचा शेवट विचित्र झाला. १८३४ मध्ये हवाई बेटावर रानटी गुरं पकडण्यासाठी खणलेल्या खड्ड्यात तो पडला, आणि त्या खड्ड्यात आधीच एक बैल अडकलेला होता. तो अपघात की खून, ही कुजबुज तेव्हापासून आजतागायत चालू आहे. झाडाच्या शास्त्रीय नावात पुन्हा डग्लस नाहीच. तो मान गेला आर्चिबाल्ड मेन्झीसकडे. डग्लसच्या आधी या झाडाची नोंद करणारा हा जहाजावरचा डॉक्टर, आणि तोही पर्थशरचाच.

हर्मिटेज या नावावरून कोणी तपस्वी इथे राहत असावा असं वाटतं. तसं काही नव्हतं. ड्यूक मंडळींनी हौसेने रचलेलं ते एक नाट्यगृहच म्हणायचं. ब्रान नदी जिथे कड्यावरून कोसळते, नेमक्या त्या जागेवर १७५७ मध्ये त्यांनी एक मंडप बांधला. त्याच सुमारास जेम्स मॅकफर्सन या स्कॉट तरुणाने ऑसियन नावाच्या प्राचीन गेलिक भाटाची काव्यं सापडल्याचं सांगून त्यांची भाषांतरं छापली होती आणि युरोप त्यांनी वेडावला होता. नेपोलियनसुद्धा ऑसियनचा चाहता. कोशकार डॉ. जॉन्सन मात्र पहिल्यापासून म्हणत होते की हे थोतांड आहे. पुढच्या चौकशीत असं निघालं की मॅकफर्सनने लोकांच्या तोंडची जुनी गाणी घेतली होती, पण त्यांत आपल्या पदरचं भरमसाट घातलं होतं. या प्रकरणाचा निकाल लागायच्या आतच, १७८३ मध्ये, डंकेल्डचा मंडप ‘ऑसियन्स हॉल’ झाला.

आतली करामत अशी. पाहुण्याला एका खोलीत ऑसियनच्या चित्रासमोर उभं करायचं. पाहुणा चित्र न्याहाळत असताना वाटाड्या गुपचूप कळ फिरवायचा, चित्र मधोमध दुभंगून बाजूला सरायचं आणि समोर उघडायचा आरशांनी मढवलेला दिवाणखाना. पलीकडच्या खिडकीतून दिसणारा धबधबा भिंतींवर, छतावर, सगळीकडे कोसळू लागायचा. १८०३ मध्ये विल्यम आणि डोरोथी वर्ड्‌सवर्थ ही भावंडं इथे आली. निसर्गकवीला आरशातला निसर्ग कसा रुचावा? दोघंही खो खो हसली, आणि वाट दाखवणाऱ्या बिचाऱ्या माळ्याला ती दाद वाटली असणार, असं डोरोथीने लिहून ठेवलं आहे. १८६९ मध्ये कोणीतरी स्फोट घडवून हा मंडप उद्ध्वस्त केला. विसाव्या शतकात नॅशनल ट्रस्टने तो पुन्हा बांधला आणि पुढे आरसेही परत आले. वर्ड्‌सवर्थ हसले ते हसले, आजची पोरंटोरं मात्र तिथे जाम खूश असतात. शरद ऋतूत खालच्या डोहातून सामन मासे उसळ्या मारताना दिसतात. तो देखावा ड्यूकच्या यादीत नव्हता.

टे नदी ही सामनसाठीच मशहूर. डंकेल्डच्या खालच्या अंगाला कॅप्यूथजवळ ऑक्टोबर १९२२ मध्ये जॉर्जिना बॅलंटाइन या तरुणीने गळाने धरलेला सामन ६४ पौंडांचा, म्हणजे २९ किलोंचा भरला. ब्रिटनमधला हा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही.

डंकेल्ड गाव सुबक आहे, चुन्याने रंगवलेल्या छोट्या घरांच्या रांगा, मध्ये चौक. ही रचना एका आगीतून आली. २१ ऑगस्ट १६८९ रोजी, किलिक्रँकीच्या घळीत सरकारी फौजेला धूळ चारून आलेले, पदच्युत राजाच्या बाजूचे जेकोबाइट हायलंडर डंकेल्डवर तुटून पडले. गावात होती नव्यानेच उभी राहिलेली कॅमेरोनियन पलटण, संख्येने हजार-बाराशे. तिचा सेनापती विल्यम क्लेलंड तिशीही न गाठलेला, कविता करणारा. लढाईच्या पहिल्या तासातच तो पडला. हायलंडर घराघरांतून गोळ्या झाडू लागले तेव्हा कॅमेरोनियनांनी घरंच पेटवून दिली. गोळ्या संपत आल्या तशी छपराचं शिसं उतरवून नव्या ओतल्या. संध्याकाळपर्यंत हायलंडर माघारी गेले आणि गावात तीन घरं उरली. क्लेलंडला कॅथीड्रलमध्येच पुरलं आहे, आणि इमारतीच्या पूर्वेकडच्या भिंतीवर गोळ्यांचे वण दिसतात.

या कॅथीड्रलचं बांधकाम १२६० पासून अडीचशे वर्षं रेंगाळलं आणि पुरं झाल्यावर साठ वर्षांच्या आत धर्मसुधारणेच्या लाटेत त्याचं छप्पर गेलं. आज अर्धा भाग भग्न आहे, अर्ध्यात दर रविवारी प्रार्थना होते. आत चिलखत घातलेल्या एका सरदाराचा दगडी पुतळा आडवा आहे. हा ‘बेडनॉकचा लांडगा’, राजपुत्र अलेक्झांडर स्टुअर्ट. बिशपशी वाकडं आलं म्हणून १३९० मध्ये याने एल्गिनचं कॅथीड्रल जाळलं, आणि विसावला तो दुसऱ्या कॅथीड्रलच्या कुशीत.

चौकातल्या एका घराच्या भिंतीवर लोखंडाची एक पट्टी जडवलेली आहे. जवळून पाहिलं नाही तर दरवाजाचा जुना अडसर वाटेल. ही ‘एल’, कापड मोजायचं स्कॉटिश माप, ३७ इंचांचं. बाजारात कापड घेतलं की गिऱ्हाइकाने इथे येऊन ताडून पाहायचं. पट्टी १७०६ सालची. पुढच्याच वर्षी स्कॉटलंड इंग्लंडशी जोडला गेला आणि इंग्रजी मापं आली. भिंतीवरचं एल तिथेच राहिलं.

दोन्ही गावांना जोडणारा दगडी पूल थॉमस टेलफर्डने बांधला, १८०९ मध्ये. खर्चाचा मोठा वाटा ड्यूकने उचलला आणि तो वसूल करायला टोल बसवला. पायी जाणाऱ्यालाही टोल! १८५६ मध्ये रेल्वे आली ती बर्नमच्या बाजूला, म्हणजे डंकेल्डकराला गाडी पकडायलाही पैसे मोजावे लागू लागले. १८६८ मध्ये लोकांनी टोलची फाटकं उखडून नदीत फेकली, बंदोबस्ताला सैनिक आणावे लागले. टोल गेला तो १८७९ मध्ये. आपल्याकडच्या टोलनाक्यांवरची आंदोलनं पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

रेल्वेने लंडनची श्रीमंत कुटुंबं उन्हाळ्यासाठी इथे आणली. त्यांतलंच एक पॉटर कुटुंब. बीट्रिक्स पॉटर पाच वर्षांची असल्यापासून डलगाइज इथल्या भाड्याच्या घरात तिचे उन्हाळे गेले. ४ सप्टेंबर १८९३ रोजी डंकेल्डच्या ईस्टवूड या घरातून तिने आपल्या जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला एक सचित्र पत्र लिहिलं. काय लिहावं सुचत नव्हतं, म्हणून चार सशांची गोष्ट लिहिली. ‘पीटर रॅबिट’चा जन्म तो.

त्या सुटीतलं तिचं दुसरं काम फारसं कोणाला ठाऊक नाही. ती आळंबी काढत होती, म्हणजे रंगवत होती. तिचा गुरू होता चार्ल्स मॅकिन्टॉश, इन्व्हर गावचा निवृत्त पोस्टमन. तरुणपणी लाकडाच्या गिरणीत त्याच्या डाव्या हाताची बोटं गेली, मग त्याने टपाल वाटायचं काम धरलं. रोज वीस-पंचवीस किलोमीटर रानातून चालायचं. चालता चालता त्याने नेचे, शेवाळं आणि आळंबी अशी ओळखून काढली की मोठे तज्ज्ञ त्याला पत्रं लिहू लागले. अत्यंत लाजाळू माणूस. हिवाळ्यात तो टपालाने लंडनला आळंबी पाठवायचा, बीट्रिक्स ती रंगवायची आणि चित्राची एक प्रत त्याला धाडायची. सूक्ष्मदर्शकाखाली तिने आळंब्यांचे बीजाणू रुजवून पाहिले आणि त्यावर निबंध लिहिला. १ एप्रिल १८९७ रोजी तो लंडनच्या लिनियन सोसायटीत सादर झाला, पण वाचला दुसऱ्याने, कारण बायकांना त्या सभेत प्रवेश नव्हता. निबंध नंतर हरवला, चित्रं उरली. ती इतकी बिनचूक आहेत की १९६७ मध्ये आळंब्यांवरच्या एका पुस्तकात त्यांतली ५९ छापली गेली.

बाहेरून आलेल्या झाडांनीही इथे संसार मांडला. सातव्या ड्यूकने जपानी लार्च आणून लावला, आणि वाऱ्याने जपानी आणि युरोपीय लार्चचे पराग आपसांत मिसळले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रोपवाटिकेतल्या माणसांना काही रोपं दोन्ही पालकांपेक्षा जोमदार दिसली. ती ‘डंकेल्ड लार्च’. हा संकर पुढे वनखात्यांनी आणि लाकूडवाल्यांनी देशोदेशी नेला.

आता त्याच लार्चवर संकट आलं आहे. ‘फायटॉप्थोरा रॅमोरम’ हा बुरशीसारख्या जीवाचा रोग २००९ मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्येला जपानी लार्चवर आढळला आणि पाऊस-धुक्याबरोबर उत्तरेकडे सरकला. पश्चिम स्कॉटलंडच्या दमट डोंगरांत त्याने मोठी हानी केली आहे. लागण झालेलं झाड वाचत नाही. पसरू नये म्हणून आजूबाजूचे लार्चही कायद्याने तोडावे लागतात. जंगलात जाणाऱ्यांना बुटांची माती झाडून मगच पुढच्या रानात पाऊल टाका, अशा सूचना ठिकठिकाणी लावलेल्या असतात. नवी लागवड करताना एकाच जातीवर भिस्त ठेवायची नाही, हे आता वनरक्षक आवर्जून पाळतात.

दरम्यान टे नदीकाठी एक जुना रहिवासी परतला आहे. मांस, कातडी आणि कस्तुरीसारख्या स्रावासाठी मारून मारून स्कॉटलंडमधला बीव्हर सुमारे चारशे वर्षांपूर्वी संपला होता. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला खासगी ठिकाणांहून निसटलेले, किंवा कोणीतरी मुद्दाम सोडलेले, काही बीव्हर टेच्या खोऱ्यात वसले. सरकारला पत्ता लागेपर्यंत त्यांची बाळंतपणं झाली होती. डंकेल्डजवळ नदीकाठाने फिरताना पेन्सिलीसारखं टोक काढलेले बुंधे दिसतात ते यांचेच. बीव्हर बांध घालतात, पाणी तुंबतं, सखल शेतं बुडतात. शेतकरी वैतागले, निसर्गप्रेमी हरखले. १ मे २०१९ पासून त्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं, पण नुकसान होत असेल तर परवाना घेऊन मारताही येतं. मारण्याऐवजी हलवा, असा आग्रह वाढल्यावर सरकारने ते मान्य केलं. त्यामुळे डिसेंबर २०२३ मध्ये टेच्या खोऱ्यातून पकडलेले बीव्हर उत्तरेला केर्नगॉर्म्सच्या राष्ट्रीय उद्यानात नेऊन सोडण्यात आले.